पॉइंट बेचाळीस

शनिवारी लावली, मंगळवारी मेलेली.
किल्ली फिरवली की नुसतं टक्.
वर्षात दोन बॅटऱ्या घातल्या,
दुसरीचं वॉरंटी कार्ड अजून काचेपाशीच पडलंय.
चादरींचे नमुने घेऊन लातूरला निघायचं
आणि अर्धी गल्ली धक्क्याला.
शेजारचा अंबादास तर आता धक्का मारून
नाष्ट्यालाच थांबतो.

सायबण्णा तोळणूरे, अक्कलकोट रोड.
पत्र्याखाली एक बाकडं, एक मीटर.
म्हणाला, "बॅटरीचा काय दोष हाय ओ,
रात्रीचं कोणतरी पितंय की."

बॉनेट उघडलं. दाराच्या कुलपात स्क्रूड्रायव्हर घालून
खटका पाडला,
गाडीला वाटावं, दार लागलंय.
निगेटिव्हची वायर सोडली, मधे मीटर जोडला.
"आता बसा. ती झोपल्याबिगर
कळायचं नाय."

मे महिना, त्रेचाळीस डिग्री,
गाडीला झोप लागायची वाट बघत दोन माणसं.
मागच्या कारखान्यात माग खडखडत होते,
तरी आम्ही हळूच बोललो.
त्यानं कडक भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं सरकवली,
वर शेंगाचटणी.
विषय पाण्यावर गेला:
त्याच्याकडं सहाव्या दिवशी, आमच्याकडं पाचव्या.
दोघंही तोटी उघडी ठेवूनच झोपतो,
खाली पत्र्याची रिकामी बादली,
पाणी आलं की तिनं उठवावं म्हणून.

आकडा उतरत उतरत थांबला.
शून्य पॉइंट बेचाळीस.
"जागीच हाय बघा."

एकेक फ्यूज उपटत गेला.
हॉर्न. वायपर. टेप.
आतल्या दिव्यांचा उपटला
आणि आकडा धपकन खाली: पॉइंट शून्य दोन.
तेवढं घड्याळाला लागतंच.
पण छताचा दिवा तर बंद होता.

फ्यूज परत बसवला, माझा मोबाईल मागितला,
व्हिडिओ चालू करून डिकीत उभा टेकवला,
झाकण आपटलं
आणि कन्नडमधे विसापर्यंत मोजलं.

पडद्यावर झाकण खाली येतं,
ऊन जातं,
दिवा जात नाही.
पिवळा, बोटाच्या पेराएवढा.
स्टेपनी, नमुन्यांचं गाठोडं,
त्यातून सुटलेली मोराची लाल चादर,
मुलीवर जिच्यासाठी ओरडलो होतो ती कंपासपेटी,
सगळं लख्ख,
कुणी बघायला नसताना.

झाकणाचं रबरी बोंड कधीतरी गळून पडलेलं,
बटण दबतच नव्हतं.
त्यानं जुन्या स्लिपरचा तुकडा कापून चिकटवला.
पन्नास रुपये.
"आणि तासभर बसलो त्याचे?"
"बसायचे कुठं पैसे असतात व्हय."

त्या रात्री पाण्याची पाळी नव्हती.
तरी साडेबाराला खाली गेलो,
मोबाईल डिकीत ठेवला, झाकण लावलं,
कट्ट्यावर बसून राहिलो.

अंथरुणात पडून बघितलं:
दोन मिनिटं नुसतं काळं.
लांबचे माग,
आणि मधेच एकदा बाहेरून माझं खोकणं,
दुसऱ्याच कुणाचं असावं तसं.