छाट

अशोक चौकाच्या मागं, साच्यांच्या खडखडाटात
दोन खोल्यांचं एक वाचनालय होतं.
पुस्तकांना कव्हरं चादरीच्या गठ्ठ्यावरच्या खाकी कागदाची,
त्यामुळं पोथी असो की भांडण,
बाहेरून सगळं एकसारखं.
हत्तुरे सर रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाले,
"हे ने. रात्री वाचू नको, झोप जाईल."
मी एकोणीसचा. मला वाटलं, चावट असणार.

चावट नव्हतं.
कुणीतरी हिशोब मांडला होता फक्त.
कोण किती तास बसतं, हाताला काय येतं,
मधलं जे कमी पडतं ते कुठं जातं.
साधी वाक्यं, एकही उद्गारचिन्ह नाही.
सेहेचाळीसाव्या पानावर समासात
माझ्या आधीच्या कुणीतरी पेन्सिलनं लिहिलेलं:
आमची आई.

माझी आई, नरसम्मा, उंबऱ्यात
मांडीवर सूप घेऊन उजेडाला बसलेली.
हजार विड्यांचा दिवस.
मी वाचत होतो, वाचता वाचता तिच्या तेलुगूत आणत होतो.
शोषण या शब्दाशी अडलो.
हात हलवून सांगू लागलो, म्हणजे बघ, एक जण
दुसऱ्याचं असं…
तिनं दातानं दोरा तोडला.
"छाट," म्हणाली.

छाट म्हणजे कारखान्यात रोज बाजूला सारलेल्या विड्या.
ही सैल, ही वाकडी. मजुरी नाही त्यांची.
परतही मिळत नाहीत.
"फेकतात व्हय त्या?" एवढं विचारून
ती पुढचं पान कापायला लागली.

त्या आठवड्यात मी रागानं वीतभर उंच झालो.
बंद गिरणीची चिमणी, चौथ्या दिवशी येणारं पाणी,
पाण्याआधी येणारी टँकरवाल्याची मोटारसायकल,
सगळं शहर मला वाचता येऊ लागलं.
किल्ल्याच्या बागेत पोरांना ऐकवलं.
"काय बे, पुढारी होतो का?" म्हणाली.
अन्याय आमच्यावर झाला होता.
खरं सांगतो, बरं वाटत होतं.

दुसरं पुस्तक पातळ. सरांनी दिलं नाही,
मीच कपाटामागून ओढून काढलं.
अकराव्या पानावर एक पेला होता,
खिडकीच्या गजाला अडकवलेला, बाहेरून.
मी पुस्तक मिटलं.
आमच्या खिडकीत तो होता.

जर्मनचा, कडेला पोचा पडलेला.
मरेप्पा गटार काढायला यायचा, त्याचा.
मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून
त्यात वरून पाणी ओतत आलो होतो,
धार बारीक, हात लांब.
कुणी शिकवलं? आठवत नाही.
शिकवलं असतं तर आठवलं असतं.

पुढच्या बुधवारी, आई कारखान्यात माल द्यायला गेलेली,
मी मांडणीवरचा स्टीलचा पेला घेतला,
आजोबांचं नाव कोरलेला,
उंबरा उतरून खाली आलो, भरून पुढं केला.
मरेप्पानं पेल्याकडं बघितलं, मग खिडकीकडं.
"माझा कुठाय?"
"हाच घे की."
"आई घरात न्हाई वाटतं."
मी गप्प.
"आज तू देतोस. उद्या तू कालिजात.
परवा उन्हात मी कुणाकडं मागू?"
गजातून पोचा पडलेला पेला काढून त्यानं समोर धरला.
मी ओतलं.
हात लांब नव्हता या वेळी,
पण ओतलं वरूनच.

या जागेला काय करायचं
ते पुस्तकात नव्हतं. मी शेवटापर्यंत शोधलं.
पेला पुढं चार वर्षं तिथंच होता,
मग चोरीला गेला. आईनं नवा आणला नाही,
का, ते मी विचारलं नाही.

पुस्तक परत केलं, दंड साडेसात रुपये.
देण्याआधी अकराव्या पानाच्या समासात
आमची खिडकी, असं लिहिलं होतं.
सरांनी वाचलं तर, म्हणून खोडलं.
पण दाबून लिहिलेलं.
मागच्या पानावर बोट फिरवलं तर
अक्षरं लागत होती.