कपाट

दर दुसऱ्या रविवारी आम्ही पाचजण जमतो,
परभणीत, जिंतूर रोडला,
खाजामियाँच्या दुकानामागच्या खोलीत.
ज्याने नवे स्पीकर बांधले त्याने ते
गोधडीत गुंडाळून रिक्षातून आणायचे,
आणि चहा त्याच्याच नावावर.

आवाजाबद्दल वाट्टेल ते बोलायची मुभा.
बास घुमायलाय, गाणारी नाकातून गायलीय,
झांजा पत्र्यावर पडल्यासारख्या वाजायल्यात.
हे सगळं तोंडावर. कुणी रागवत नाही.
आत कापूस वाढव, भोक बुजव, परत घेऊन ये.

रंगाचं तसं नसतं.
आवाज माणूस मोजूनमापून करतो, चौघांना विचारून.
रंग मात्र एकटाच ठरवतो,
जेवणं झाल्यावर, ओट्यावर, डबा उघडून.
तिथं बोट ठेवलं तर ते लाकडावर पडत नाही.

मुंजाजी दुधाटेने गोधडी सोडली
तर आत करडे, दाणेदार,
हॅमरटोन मारलेले दोन खोके.
मी नुकतंच हैदराबादहून अक्रोडाचं विनियर आणून
माझे स्पीकर मढवले होते.
अंगात विनियर आलं की जीभ सुटते.
म्हणालो, "हे काय रे, कपाट आणलंस का?
किल्ली कुठाय?"

सगळे हसले. मुंजाजीही हसला,
कप खाली ठेवता ठेवता जमेल तेवढं.

बावीस वर्षं मुंजाजी एमआयडीसीत
कपाटांना रंग मारतो.
अर्ध्या परभणीच्या लग्नात गेलेली कपाटं,
माझ्या बहिणीचंसुद्धा.
मला माहीत नव्हतं असं नाही.
माहीत होतं.

खाजामियाँनी सारंगीची टेप लावली.
करड्या खोक्यांतून सारंगी अशी आली
की बाहेर पंक्चरवाल्याने हातोडी थांबवली.
टेप संपल्यावर ते माझ्याकडे न बघता बोलले,
"पहले सुन्ते मियाँ, बाद में देख्ते.
देखे तो बी पहले पुछ्ते, क्यूँ करके."

मी विचारलं नाही.
लाज वाटली की मी आणखीच मुका होतो.

मे महिन्यात मुंजाजी घरी आला. पारा त्रेचाळीसवर.
डाव्या स्पीकरचं विनियर कोपऱ्यात
पुरीसारखं फुगलं होतं,
त्यावर मी फुलदाणी ठेवली होती.
बायको सरबत घेऊन उभी,
शेजारचे तिडके सर खास ऐकायला आलेले.
मुंजाजीने डोळे मिटून पूर्ण एक बाजू ऐकली.
"मधला गळा मोकळा झालाय," म्हणाला.
फुलदाणीकडे त्याने इतकं कटाक्षाने पाहिलं नाही
की मला कळलं, पाहिलंय.

निघताना फाटकापाशी,
चपलेचा पट्टा ओढत, खाली वाकूनच, हळू:
"सुईनं बारीक भोक पाड, हवा निघू दे.
वरून सुती फडकं टाक, इस्त्री कोमट ठेव.
मग रातभर त्यावर पाटा."

रात्री सगळे झोपल्यावर इस्त्री फिरवली.
लाकडाचा, डिंकाचा, थोडा जळकाही वास.
बसलं. नखाएवढी खूण राहिली,
ती मी आता झाकत नाही.

पुढच्या रविवारी विचारलं,
"हॅमरटोनच का रे?"
मुंजाजी अर्धा तास बोलला.
दाणा कसा फुटतो, थिनर किती,
पहाटेच का मारायचा, दुपारी धूळ उठते,
पोरं हात लावतात, लावू देत,
याच्यावर बोट उमटत नाही.
माझ्या अक्रोडावर सगळ्या घराची बोटं आहेत,
हे तेव्हा आठवलं.

चहा निवला. तो थांबला.
"आता सांग. आवडला का रंग?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायले.

"नाही," मी म्हणालो.

"नाही ना!" म्हणाला मुंजाजी,
आणि हातात भरलेला कप असूनही
दाढा दिसेपर्यंत हसला.