आधार संपण्याची तारीख

पत्र रात्री आलं, त्यांच्या सकाळी.
भाषा गोड, स्थळाला नकार कळवताना असते तशी:
या प्रवासात सोबत राहिलात, आभार.
३१ मार्चनंतर आधार मिळणार नाही.

अंबडच्या गाळ्यात, पत्र्याखाली,
रेग्युलेटर तीनवर अडकलेल्या पंख्यासमोर
पाच वर्षांचं काम उघडं ठेवून बसले.
तन्वीर म्हणाला, मॅडम, चहा सांगू?

पेखळ्यांना काय सांगू, हा प्रश्न होता.
गिअर कापतात ते, चार गल्ल्या सोडून.
कुठला जॉब कुठल्या मशिनवर, पाळी कोणाची,
भंगारात किती गेलं, सगळं माझ्या प्रोग्रॅमवर.
घेताना त्यांनी एकच विचारलं होतं: किती वर्षं चालेल?
आणि मी त्या कंपनीचं नाव घेतलं होतं,
मुलगा दाखवताना मामा त्याच्या काकाचं घेतो तसं,
जो कलेक्टर असतो आणि लग्नाला येत नाही.

पहिल्यांदा फसले असते तर एक वेळ चाललं असतं.
कॉलेजात शिकले त्या भाषेची कंपनी विकली गेली.
दुसरीच्या सातशे रुपयांच्या पुस्तकावर
आता मॉनिटर उभा आहे; उंची बरोबर येते.
तिसरीचं संमेलन गंगापूर रोडच्या हॉटेलात झालं,
फुकट टी-शर्ट मिळाला. टी-शर्ट टिकला.

पूर आला की आम्ही दुतोंड्या मारुतीकडे बघतो.
गुडघ्याला पाणी, कमरेला, छातीला,
तोवर भांडीबाजार माल वर चढवायला लागलेला असतो.
मलाही दिसत होतं, खोटं का बोलू.
दुरुस्त्या आधी आठवड्याला, मग महिन्याला,
मग नुसतं कुठलं तरी स्पेलिंग सुधारलेलं.
ज्याच्या उत्तरांवर मी तग धरून होते तो ओटावियो
एक दिवस दुसऱ्याच कंपनीची टोपी घालून फोटोत.
तेव्हा पाणी कमरेला होतं. मी दुकान हलवलं नाही.

पेखळे रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.
मागच्या लेथपाशी घेऊन गेले.
हिची कंपनी बुडाली तेव्हा धाकटा जन्मला नव्हता,
आता त्याला दाढी आहे.
हाफ नट झिजला की सोनगिरे बनवून देतात, तीन गाळे पलीकडे.
झाकण उघडायचं, बघायचं, माप घ्यायचं.
तुमच्या त्याचं झाकण कुठं आहे?

त्यांच्याकडे, म्हटलं.
रोज सकाळी ते तिकडे विचारतं, चालू होऊ का,
आणि तिकडून कोणीतरी हो म्हणतं.
पेखळ्यांनी लेथवरचा कीस बोटानं पुसला.
हे आधी सांगायला हवं होतं, ताई.

हवं होतं.

मग म्हणाले, जेवढं तुमचं स्वतःचं, तेवढं कागदावर छापून द्या.
उपयोग नाही हो त्याचा. द्या तरी.
सिडकोतल्या झेरॉक्सवाल्यानं अकराशे चाळीस पानं काढली,
महिरपी कंस बघून विचारलं, नक्षी आहे का?
गठ्ठा पेखळ्यांनी लाल कापडात बांधला,
रामकुंडावर गायधनी गुरुजी त्यांच्या कुळाची वही बांधतात तसा.
पणजोबाची मोडीतली सही आहे तिच्यात.
ती उघडायला कोणाला विचारावं लागत नाही.
फक्त मोडी वाचणारा लागतो,
आणि तोही आता शोधावा लागतो.

सोमवारपासून नवीन साधन शिकायला घेतलंय.
याचं झाकण उघडतं, स्क्रू स्वतः फिरवून पाहिलेत.
लिहिणाऱ्यांना पगार मात्र एकच कंपनी देते. मोठी आहे.
नव्या कोटेशनमध्ये 'किती वर्षं' या रकान्यात
कर्सर बराच वेळ लुकलुकत होता.
शेवटी लिहिलं: पाणी गुडघ्याला आलं की कळवीन.
तन्वीर म्हणाला, मॅडम, असं कोटेशनमध्ये कोणी लिहितं का.
राहू दे, म्हटलं.