अंगठा

पणजीच्या चर्चच्या पांढऱ्या जिन्यावर,
तिसऱ्या वळणाला,
चपलेचा अंगठा तुटला.

मिरजेहून निघताना धाकटी म्हणाली होती, बूट घाल.
मी म्हटलं, गोव्याला कसले बूट,
शेजारी तर जायचं.

खाली औषधांच्या दुकानापाशी
एक बाई उन्हाची छत्री मिटत होत्या.
'अंगठा तुटला हो,' मी म्हणाले.
त्यांनी घाईनं माझा हात धरला,
पाचही बोटं मोजली,
मग खाली पाहिलं आणि इतक्या हसल्या
की छत्री परत उघडली.
'आगो, व्हाण! व्हाण तुटली म्हण!'
नाव एर्मेलिंदा.
चांभार कुठं, तर
'फुडें वच, मागीर दाव्यान,
जंय आल्बानाची बेकरी आसली.'

आसली.
म्हणजे आता नाही, हे त्या गेल्यावर कळलं.

नसलेल्या बेकरीशी डावीकडे वळले.
निळी भिंत, पिवळी भिंत,
दाराशेजारी चिनीमातीचा कोंबडा,
वरच्या सज्जात वाळत घातलेली
क्रिकेटची पांढरी विजार.
उघड्या पायाला चिरा तापलेला,
सावली कुठं सुरू होते ते बोटभर आधी समजायचं.
चपलेतल्या पायाला काहीच पत्ता नाही.
दोघांची दोन प्रवासवर्णनं.

मळ्यात रायकर सोनार,
मांडीवर मराठी पेपर.
माझ्याशी बोलले ती छापील मराठी,
आपण कोठून आलात, प्रवास सुखाचा झाला ना.
आतल्या अंगाला ओरडून पाणी मागवलं कोकणीत.
आणि गिऱ्हाइकाच्या नोटा मोजताना
ओठ नुसते हलले:
उं, दोइश, त्रेश, क्वात्रु.
मी विचारलं, आणि स्वप्नं कुठल्या भाषेत?
म्हणाले, 'झोप कोठे येते, बाई.'
चांभार?
'थिएटर होते पाहा, त्याच्या मागे.'

मारुतीच्या पायथ्याशी एकच चपल काढून दिली.
फुलवाल्या पोरानं ती उलटीपालटी केली,
जोडी शोधत माझ्या मागं पाहिलं.
'अर्धेच पैसे द्या.'
वर दोन्ही पाय सारखे झाले.

मशिदीबाहेर शुक्रवारच्या चपला,
सगळ्या जोडीनं, टाचा रस्त्याकडं.
टोपी सावरत धावणारा एक जण
माझ्या पायाकडं बघून थबकला.
'मोची? पुराना बस अड्डा जिधर था, उधर.'

या गावाचा नकाशा
मला तीन भाषांत मिळाला होता
आणि त्यातलं एकही ठिकाण जागेवर नव्हतं.

भरमप्पा बसला होता फेरीच्या धक्क्यावर.
फोन खांद्यात धरलेला. पलीकडून लेक
इंग्रजीत काहीतरी समजावत होती,
हा ओके, ओके म्हणत टाका घालत होता.
सुई बोटात गेली तशी कानडीत एक शिवी.
मग मला, कोकणीत, 'दी हांगा.'

चपल हातात घेतली. तळ वाकवला. वास घेतला.
'कोल्हापुरी,' मी सांगितलं.
'अथणीची,' तो म्हणाला, एकदम मराठीत.
'कातडं आमचं, शिवण आमची. नाव तेवढं तुमचं.'
यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.
कुठल्या तुम्ही? मिरज?
'बायकोचं ऑपरेशन तिथंच केलं. दोनदा.'
दुसऱ्या वेळचं त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

दोरा संपला. शेजारी जाळं सांधणाऱ्या पोराकडं
न बघताच हात केला.
पोरानं हिरवा नायलॉन तोडून दिला,
ओला, खारट.
त्यानं अंगठा शिवला,
दातानं गाठ आवळली.

कुणी विचारलं तर तुमचा पत्ता काय सांगू?
'हांव बसतां थंय.'
आणि पावसात?
'पावसात नाही बसत.'

फेरीत चढले. बेतीला काही काम नव्हतं.
मांडवीवर कसिनोचे दिवे उजेडीच लागलेले,
एक मोटारसायकल, बर्फाची पेटी,
झोपलेलं पोर, मी.
हिरवी गाठ अंगठ्याच्या बगलेत टोचत होती.
पायी जाणाऱ्याला तिकीट नाही म्हणाले.
पलीकडं उतरले,
आणि त्याच फेरीनं परत.