बेचाळीस पावलं

तातांगच्या पिंपाला अजून तेलाचा वास येतो.
बापाला आम्ही तातांग म्हणतो, आईला इमा.
सान फेर्नांदोचा डिसेंबर त्या पिंपावर फिरायचा:
पत्र्यावर डकवलेल्या चिकटपट्ट्या,
वर रांगेनं टेकलेल्या केसांच्या पिना.
पिन पत्र्याला लागली की बल्ब पेटला,
पट्टी आली की विझला.
एवढंच व्याकरण.
एवढ्यावर सहा हजार बल्बांचा
घराएवढा कंदील उमलायचा, मिटायचा,
आणि पितळी वाजंत्र्यांकडे कान लावून
तो हातानं पिंप फिरवायचा,
बिगुलवाला दमला की हळू,
ढोलवाला प्यायलेला असला की सावध.

यंदा पिंप कोपऱ्यात. त्यावर मांजर.
मी कारखान्यातून रजा काढून आले
आणि टेबलावर ठेवला
तळहातात मावेल असा हिरवा बोर्ड.
"हा फिरत नाही?"
"नाही."
"मग ह्याला कळतं कसं, गाणं कुठवर आलंय?"
मोजतो, म्हटलं. सेकंदाचे हजार तुकडे करून.
"आणि जोडतो कोण?"

तीन आठवडे गेले. अठ्ठेचाळीस रिले,
त्यातले चार जळाले, एकदा मीही, थोडीशी.
अंगठ्यावर खूण आहे.
आर्सेनियो डाख देता देता झोपायचा,
टेबलावर शिशाचे थेंब, चांदीचे वाटाणे.
जुने बल्ब पोत्यात भरले, एलईडी लावले.
ढोलाचा ठोका आणि मधली पाकळी
आता एका रेषेत.
स्क्रीनवर आकडा आला: फरक शून्य.
शून्याचा एवढा आनंद
मला शाळेत कधी झाला नव्हता.

चाचणीच्या रात्री चर्चसमोरचं पटांगण रिकामं.
तातांग कंदिलापाशी थांबलाच नाही.
चालत गेला, पार कुंपणापर्यंत,
जिथे इमा दर नाताळात बिबिंका भाजते,
खाली निखारे, वर निखारे,
मध्ये तांदळाचं पीठ केळीच्या पानात.
तिथून ओरडला:
"उजेड आधी येतोय!
पाहुणा दारात, भात अजून चुलीवर!"

मी गाणं चालू ठेवून गेले, त्याच्या शेजारी उभी राहिले.
खरंच. पाकळी केव्हाची उघडून उभी
आणि ठोका मागून येतोय, धापा टाकत.
बेचाळीस पावलं. आवाजाला
ती चालावी लागतात.

"मग तुझ्या वेळी?"
"आमचा बल्ब आळशी. तार तापायलाच वेळ घ्यायचा.
आवाज इथवर येईस्तो तो जागा व्हायचा.
दोघं भेटायचे."
कुठे, ते त्यानं सांगितलं नाही.
चिमट्यानं एक निखारा उगाच इकडचा तिकडे केला.
इमा म्हणाली, मला नका विचारू,
पान करपतंय का, एवढंच मी बघत होते.
वीस वर्षं.

परत येऊन मी कोडमध्ये एक ओळ घातली.
उजेडानं थांबायचं, नव्वद मिलिसेकंद.
बाजूला टीप लिहिली: चुलीपर्यंत.
परीक्षक पुढच्या रांगेत बसतात
हे मी विसरले नव्हते.

स्पर्धेच्या रात्री दुसऱ्या गाण्याला
सदतिसावी पाकळी पेटेना.
मी लॅपटॉप उघडला, ओळी वर-खाली केल्या,
आर्सेनियोनं देवाचं नाव घेतलं.
तातांगनं खिशातून पिन काढली,
मला न विचारता
मेलेल्या रिलेच्या दोन टोकांत खोचली.
पाकळी पेटली.
पेटली ती पेटलीच.
गाणं संपलं, सगळं फूल मिटलं,
वाजंत्री पिशव्या भरू लागले,
आणि अंधारात ती एक, लाल, आडवी,
कुणीतरी दार लावायचं विसरल्यासारखी.

आम्ही चौथे आलो.
बिबिंका साडेदहालाच संपले होते.
पिन काढायला कुणीच गेलं नाही.