सातचा उच्चार

नोंदवहीत प्रत्येक पोरामागे तीन रकाने.
विशेष प्रगती. आवड, छंद. सुधारणा आवश्यक.
बावीस वर्षं भरतेय, हात आपोआप चालतो:
परिपाठात भाग घेते, चित्रे रंगवतो,
हस्ताक्षराकडे लक्ष द्यावे.
पट सतराचा. सोळा जणांचं लिहून होतं
चहा निवायच्या आत.

सतरावा आदेश शिरतोडे.
ऑगस्टात आला, सेलमहून.
वडील गलाईला. विट्याकडं याहून जास्त सांगावं लागत नाही,
वस्तीवरच्या निम्म्या घरांना कुलपं
आणि किल्ल्या तिकडं, हजार किलोमीटरवर,
कुणाच्या तरी भट्टीशेजारच्या खिळ्याला.

आदेश बोलेना.
खिडकीजवळ बसायचा. पाटीची कड नखानं खरवडायचा.
"मुका हाय का ओ बाई?"
आरजू मुलाणीनं विचारलं, त्याच्या तोंडावर.
मी दटावलं तिला.
मग वाटलं, तिनं विचारलं तरी.
मी नुसता रकाना मोकळा सोडत होते.

शिकलगार साहेब भेटीला आले. म्हणाले,
मोकळा चालत नाही मॅडम, तपासणीत येतं.
लिहा काहीतरी. अबोल आहे, लिहा.
मी पेन उघडलं.
अबोल कोण? त्याच्याजवळ शब्द होते,
गावात ते चालत नव्हते इतकंच.
पेन मिटलं.

वजनाचा पाठ होता म्हणून
भावाच्या दुकानातली जुनी तागडी नेली वर्गात,
आणि पिशवीभर चिंचोके.
आदेश कुणी न बोलावता पुढं आला.
काट्यासमोर बसला श्वास रोखून,
पारडं हलू नये म्हणून बसतात तसा,
आणि मोजायला लागला,
ओन्नु, रेंडु, मूणु, नालु, अंजु
"हजर बाई!"
लोहारांची अंजू ताडकन उभी.

आधी कुणाला कळलं नाही. मग सगळ्यांना एकदम कळलं.
आदेश हसता हसता तागडीवर पडला,
चिंचोके खोलीभर.
पुढचा आठवडाभर पाचावर अंजू उभी राहत होती,
पाढे म्हणतानासुद्धा. मी थांबवलं नाही.

पाच सप्टेंबरला नारळ, शाल, उपसरपंचांचं भाषण:
कचऱ्यातून सोनं काढतात ते आपले गुरुजन!
टाळ्या. मीही वाजवल्या.

दुपारी आदेशला विचारलं, खरंच कसं रे काढतात?
त्यानं सांगितलं, अर्धं मराठीत, उरलेलं हातानं:
सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा.
जाळायचा. धुवायचा. मुशीत वितळवायचं, मग तेजाब.
तपकिरी धूर निघतो, तेव्हा पोरांनी बाहेर जायचं.
पप्पांना जाता येत नाही.
"आणि सोनं सोडून उरतं ते?"
"ते ओतायचं."
"कुठं?"
"गटारीत," तो म्हणाला,
हे काय विचारतात बाई, अशा चेहऱ्यानं.

त्या रात्री झोप लागली नाही.
बावीस वर्षांत किती "न्हाय" खोडून मी "नाही" केले,
किती जणांच्या जिभेवरची आई पुसली
स्वच्छ, ओल्या फडक्यानं.
आणि माझा स्वतःचा आटपाडीचा हेल,
डी.एड.च्या पहिल्याच वर्षी
मीच नेऊन ओतला होता.
कुणी सांगितलंही नव्हतं.

सत्र संपलं. नोंदवही उद्या द्यायचीय.
विशेष प्रगती: वर्ग पाचापर्यंत तमिळ मोजतो.
आवड, छंद: चिंचोके तोलणे, अंजूला उभं करणे.
सुधारणा आवश्यक
इथं बराच वेळ गेला. मग लिहिलं,
बाईंना सातचा उच्चार जमत नाही.

एळु, म्हणते मी.
"तो ळ न्हाय बाई." जीभ मागं घ्या, म्हणतो आदेश. अजून मागं.
सतरा पोरं वाकून
माझ्या तोंडात बघतायत.