नऊ नंबरचा माग

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, रात्रपाळी.
नऊ नंबरचा माग परवापासून मुका.
त्याचं कार्ड गेलंय. नवं कार्ड
शांघायहून निघून न्हावाशेवाला अडलंय,
कुठल्याशा कागदावर कुठलासा शिक्का नाही.

ऑर्डर जपानची. ओसाकाच्या हॉटेलांचे टॉवेल,
एक धागा इकडचा तिकडे चालत नाही.
मालक म्हणतात, त्यांचं त्यांच्याशी बिनसलं
म्हणून तर आपल्याला मिळाली.
उशीर झाला तर व्हिएतनाम टपलेलाच.

कँटीनच्या टीव्हीवर निळा नकाशा,
बाण, जहाजं, चार देशांचे हातात हात.
मल्लेशम जिंदम, फिटर, विचारतो,
"यात सोलापूर कुठंय?"
कुणी हसत नाही.

माग बसवायला आला होता तो ल्यू,
सव्वा महिना राहिला.
शेंगाचटणीनं डोळ्यांत पाणी, तरी रोज मागायचा.
मल्लेशमच्या आईनं तेलुगूत रागावून त्याला जेवू घातलं,
त्याला तेही कळायचं.
मग सरहद्दीवर काहीतरी झालं. व्हिसा बंद.

आज पहाटे तीनला
मल्लेशमनं फोन धरला मागाच्या पोटात.
पलीकडे ल्यू, बनियनवर, तिकडे उजाडत आलेलं.
याची भाषा त्याला नाही, त्याची याला.
बोट दिसतं फक्त: लाल वायर.
ती नाही.
ती.
तात्पुरती जोड.

खट्.
मग खटाखट, पत्रे हादरेपर्यंत.

वीतभर टॉवेल उतरला
तसा मल्लेशमनं तो कॅमेऱ्यापुढं ताणून धरला.
कुणासाठी आहे,
ते सांगितलं नाही.